निवडणं

सोकाइरेच्या अंगणात किन्वा निवडायला बसलं
की पहिला खडा बोटाला लागेपर्यंत
सगळं ताट धान्याचंच वाटतं.
परवा हे आठवलं
लिन्झच्या डॉक्टरांचं पार्सल फोडताना.

ते तिकडे दात काढतात, ढगांखालच्या गावात.
दुर्बीण त्यांची इथे, आमच्या कोरड्या पठारावर,
सतरा नंबरच्या खांबावर.
आणि मी तिची दाई म्हणा, मोलकरीण म्हणा,
चिमट्याने स्क्रू उचलणारी.

कॅमेरा नवा, पूर्ण चौकटीचा,
सेन्सर छत्तीस बाय चोवीस,
मोठ्या टपाल तिकिटाएवढा.
चाकाला सात खण, सगळे पन्नास मिलिमीटरचे.
फिल्टर मात्र चार पन्नासचे, तीन छत्तीसचे,
धाकट्या भावाला थोरल्याचा कोट घालावा
तशा कड्या घालून पाठवलेले.
सोबत चिठ्ठी:
सेन्योरा प्लाझा, पैसे संपले.
कोपरे थोडे काळवंडले तर चालेल ना?

पावाच्या पिशवीवर हिशेब केला.
सेन्सरचा कर्ण त्रेचाळीस.
चाक वीस मिलिमीटर पुढे, आणि आरशाचा शंकू एफ चारचा.
वीस भागिले चार, पाच.
त्रेचाळीस नि पाच, अठ्ठेचाळीस.
पन्नासच्या काचेची कड वजा केली
तर उरतात जेमतेम तेवढेच.
छत्तीसची गोष्टच सोडा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
डॉक्टर, तुम्ही आधी पायच विकत घेतलेत.

असं लिहिलं नाही अर्थात.
लिहिलं, की तिन्ही परत करा,
त्या पैशात एकच घ्या, पण पुरता.
हायड्रोजन, गंधक की ऑक्सिजन,
तुमचं तुम्ही ठरवा.

तीन दिवस उत्तर नाही.
तीन दिवस मी त्या काचांकडे बघत होते.
उजेडात धरली तर आरसाच,
माझंच नाक, माझीच फुटलेली ओठाची कड.
तीन नॅनोमीटरची फट तेवढी उघडी,
बाकी सगळ्याला दारातून परत पाठवणारी.
चंद्राला नाही. गावातल्या दिव्यांना नाही.
आणि दक्षिणेला, मिठागरावर,
लिथियमच्या कारखान्याचा जो फिका पांढरा लोळ
रात्रभर क्षितिजाला चिकटून असतो,
त्यालाही नाही.

तिथे एलिसेओ असतो रात्रपाळीला.
पंपांवर, कानाला लोकरी पट्टी बांधून.
मोबाईलच्या बॅटरीत आमचंच मीठ जातं गं, म्हणतो,
आणि तुझ्या कॅमेऱ्यातही.
चिडवतो की खरं सांगतो, कळत नाही.

चौथ्या दिवशी दोन शब्द आले: हायड्रोजन ठेवतो.
बाकी दोन खणांपैकी एकात मी काळा पत्रा बसवला,
अंधाराचेही फोटो काढावे लागतात म्हणून.
दुसरा मोकळा.
हायड्रोजनची काच आली तेव्हा उलटी बसवली आधी.
एका ठळक ताऱ्याभोवती चक्क बांगडी उमटली.
पुन्हा उघडलं, उणे आठमध्ये, हातमोजे काढून.
वारा असा की आईने सूप घेऊन धावावं.

मग एकदाचं सगळं जमलं.
चाक फिरतं तेव्हा आवाज येतो,
कुणी दाराबाहेर घसा साफ करावा तसा,
आणि थांबतं.
लाल. हिरवा. निळा. मग सगळ्यांना आत घेणारी
ती बिनरंगाची काच.

सकाळी डॉक्टरांचा निरोप:
कोपरे चारही स्वच्छ, आभार.
पण खाली डावीकडे एक पांढरट झाक आहे,
बिनरंगाच्या फोटोंत. हायड्रोजनमध्ये नाही.
फिल्टर खराब आहे का?

फिल्टर ठीक आहे, मी लिहिलं.
ती माझ्या भावाची रात्रपाळी.
संगणकावर सहज पुसता येते.

पुसून पाठवू का, ते विचारायचं
राहून गेलं.